ओढ्यातले बटाटे

“याच्यात काय हाय, बाय?”

बटाटा तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने त्याच्यावरची माती सावकाश पुसायची आणि खालची पिवळसर साल दिसायला लागली की हा प्रश्न विचारायचा, ही मावशींची सवय होती. प्रश्न मला असायचा, पण नजर बटाट्यावरच असायची. मी सांगितलं नाही तर तो सांगेल, असा त्यांचा एकूण चेहरा.

प्रश्न फक्त बटाट्यापुरता नव्हता. मसूर आली की विचारायच्या, शेंगदाणे आले की विचारायच्या. एकदा माझा घसा बसला होता म्हणून मी लाल गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले होते. मावशींनी त्यातली एक गोळी काढून उजेडात धरली आणि विचारलं, “याच्यात काय हाय?” मी म्हटलं, “खरं सांगू? बरीचशी साखर.” त्यांनी गोळी पाकिटात परत ठेवली. “मंग साखरच खा ना गो,” म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. आपण त्यांना शिकवायला जातो आणि ती इतक्या मनापासून ऐकतात, की आपण काय बोलतो याची आपल्यालाच भीती वाटायला हवी. मला तेव्हा ती वाटली नाही. मावशी जाऊन आता वर्ष होईल, आणि ही गोष्ट मी अजून कोणाला नीटशी सांगितलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. गृहविज्ञानाची पदवी नुकतीच घेतलेली आणि शहापूरला पोषणाच्या एका प्रकल्पात कंत्राटी नोकरी लागलेली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत जायचं, भिंतीला तक्ता टांगायचा, आयांना गोळा करायचं आणि कशात काय असतं ते सांगायचं, हे माझं काम. तक्त्यावर एका मोठ्या थाळीचं रंगीत चित्र होतं. त्यात बटाटा भाताच्या मागे, अर्धा झाकलेला. आमच्या पोषणवाल्या मंडळींत बटाट्याला तसा मान नाहीच. नाचणीवर आम्ही तासभर बोलू, शेवग्याच्या पाल्याचं कौतुक करताना थकणार नाही, पण बटाटा आला की “हा नुसता पिठूळ” म्हणून पुढे सरकायचं. मीही तशीच पुढे सरकत असे.

मावशी उंबरमाळीच्या पलीकडे एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. सकाळी घरोघर फिरून मुलं गोळा करायची, खोली झाडायची, पाणी भरायचं आणि मुलांचा गरम आहार शिजवायचा. वय साठीच्या आसपास, बांधा बारीक, नऊवारीचा काचा गुडघ्यापर्यंत आणि डाव्या हातावर गोंदणाची पुसट झालेली वेल. पहिल्या भेटीत त्यांनी मला “म्याडम, तुमी” म्हटलं. दुसऱ्या भेटीत नुसतंच “तुमी”. तिसऱ्या भेटीला मी उंबरमाळीहून तासभर चालत, घामाघूम होऊन पोचले, तेव्हा तांब्याभर पाणी पुढे करून म्हणाल्या, “बस बाय, तू दमलीस.” पुढे तेच कायम झालं.

ती जागाच वेगळी होती. कौलांची एक खोली, मागे उतार, उताराच्या तळाशी ओढा. थंडीत सकाळी पोचलं तर समोरचा डोंगर दिसायचाच नाही. मग हळूहळू त्याचं टोक दिसायचं, मग खांदा, आणि दहा वाजेपर्यंत सगळा डोंगर येऊन उभा राहायचा. मुलं आत गाणी म्हणत असायची, चुलीचा धूर कौलांतून वर जायचा आणि धुक्यात मिसळायचा. शहापूरच्या कचेरीत मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची. इथे आले की घड्याळ हातात आहे हे विसरून जायची.

मावशींचं बोलणंही त्या डोंगरासारखं थोडं थोडं दिसायचं. वाक्य सुरू करायच्या आणि मध्येच थांबून समोर बघत राहायच्या. विसरल्या असं वाटायचं, पण विसरत नसत. एकदा म्हणाल्या, “त्या वरसाला…” आणि थांबल्या. मुलांचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घालून झाली. मी तक्ता गुंडाळून पिशवी खांद्याला अडकवली तेव्हा म्हणाल्या, “…नाचनी लय झाली व्हती.” मी पिशवी परत खाली ठेवली आणि नाचणीची गोष्ट ऐकली. त्या दिवशी माझी गाडी चुकली.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. मुलांची वजनं पाहिली, डाळीचा डबा उघडून पाहिला, मग मावशींकडे वळले.

“कर्बोदकं कशाला लागतात, सांगा.”

मावशींनी टोपलीतला एक बटाटा उचलला. “चालायला.”

“प्रथिनं?”

“वाढायला.”

“आणि जीवनसत्त्वं?”

मावशी थांबल्या. दारातून बाहेर बघायला लागल्या. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत घड्याळ पाहिलं.

“हसायला,” मावशी म्हणाल्या.

साहेबांनी वहीत लिहिलं, ‘मदतनीस यांना अधिक प्रशिक्षणाची आवश्यकता.’ आज मी त्या साहेबांशी भांडले असते. भात-बटाटा न मिळालेलं पोर एका जागी बसून राहतं, डाळ न मिळालेलं खुंटतं आणि पालेभाजी-फळ न मिळालेलं किरकिर करतं, हे मी पाहिलेलं आहे. यापेक्षा थोडक्यात कोणी सांगून दाखवावं. पण तेव्हा शेऱ्यात माझं नाव आलं नाही एवढ्यावरच मी खूश होते.

खरं सांगायचं तर माझ्या तक्त्यापेक्षा मावशींचाच उपयोग जास्त व्हायचा. मी पाऊण तास बोलायची, बाया पदर तोंडाला लावून बसायच्या, कोणी तरी हळूच जांभई द्यायची. मी गेल्यावर मावशी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकत, आणि पुढच्या खेपेला त्या बाया मावशींचीच दोन वाक्यं मला ऐकवत. मला त्याचा थोडा राग यायचा. शिकलेल्या माणसाला असे राग येतात.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. मुलं जेवून झोपली होती, सेविका त्यांच्यापाशी होत्या. मावशी मला म्हणाल्या, “चल, तुला कायतरी दावते,” आणि उतारावरून ओढ्याकडे घेऊन गेल्या. पाणी आता बेताचं होतं, पण वाहतं. दोन दगडांच्या मध्ये बांबूची टोपली अडकवली होती, वर तिसरा दगड. टोपलीत पांढुरक्या पातळ चकत्या होत्या आणि त्यांच्यामधून पाणी जात होतं.

“कडूकंद,” मावशी म्हणाल्या. “याच्यात काय हाय, सांग.”

माझ्या तक्त्यात कडूकंद नव्हताच.

“इख हाय,” मावशी म्हणाल्या. विषाला तिकडे इख म्हणतात. “असाच खाल्ला तर जीभ सुजंल, वकून वकून मरशील. म्हून चकत्या करायच्या, राख चोळायची, रातभर व्हावत्या पान्यात ठेवायच्या. मंग उकडायच्या. जिभेला लावून बघायचं. चुनचुनलं तर परत पान्यात.”

कुणी शोधून काढलं असेल हे? पहिल्यांदा कोणाची जीभ सुजली असेल, दुसऱ्यांदा कोणी धीर केला असेल? मावशींना याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या सासूने दाखवलं होतं, सासूला तिच्या सासूने. मी पाण्यात पाय सोडून बसले. सावलीतलं पाणी गार होतं, उन्हातलं कोमट, आणि दोन्ही पायांना एकाच वेळी लागत होतं. मावशीही शेजारी बसल्या आणि त्यांना जुनी आठवण आली.

त्यांचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची. भरपावसात घाटात बटाट्याचा एक ट्रक कलंडला. माणसाला काही झालं नाही, पण बटाटा उतारावरून घरंगळत पार रानात गेला. पाड्यावर बातमी आली तशी सगळी धावली. कोणी गोणी घेऊन, कोणी टोपली, बायांनी तर पदरच पसरले. ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढत बसला होता. “ले जाओ, ले जाओ,” म्हणत होता. मावशींच्या नवऱ्याने दोन गोण्या आणल्या.

“एवढं बटाटं कवा बगितलंच नव्हतं गो आमी,” मावशी हसत हसत सांगत होत्या. “घरातला तांदूळ सरला व्हता, नवा भात अजून शेतात. सासू बोलली, परक्या मुलखाचा कंद हाय, याचं इख कोनाला ठाव? मंग आमी समद्या बटाट्यांच्या चकत्या केल्या, राख चोळली आन टाकल्या ओढ्यात. महिनाभर रोज. कंद तो कंद.”

मी पोट धरून हसले. मावशीही हसत होत्या. आणि हसता हसता, ती गंमत आणखी रंगावी म्हणून, मी म्हटलं, “अहो मावशी, बटाट्यात कसलं आलंय विष? उलट त्याचं सगळं सत्त्व वाहून गेलं की पाण्यात! तुम्ही ओढ्याला जेवू घातलंत. तुम्ही खाल्लात तो नुसता चोथा.”

मावशींचं हसणं थांबलं.

“समदं गेलं?”

“सगळं,” मी म्हटलं.

त्या डोंगराकडे बघायला लागल्या. मला वाटलं, नेहमीसारखं मध्येच राहिलं असेल, येईल नंतर. मी खूप वेळ बसले, पण त्या दिवशी काही आलं नाही.

शहापूरच्या कचेरीत मी ही गोष्ट चवीने सांगितली. सगळे हसले. एकाने तर म्हटलं, याच्यावर एक छोटं नाटुकलं बसवू, प्रशिक्षणात कामाला येईल.

त्यानंतर मावशी बदलल्या. आधी बटाटे सोलून, चिरून, पाण्यात टाकून ठेवायच्या. आता सालीसकट अख्खे उकडायला लागल्या. उकडलेलं पाणी फेकेनात. ते डाळीत घालायच्या, खिचडीत घालायच्या आणि तरी उरलं तर मुलांना एकेक घोट पाजायच्या. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवायच्या. भाजी धुताना मुलांच्या आयांवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. कोणी चिरून धुतली की भांडं हातातून काढून घ्यायच्या.

मी हवेत होते. असा विद्यार्थी कोणाला मिळतो? मुरबाड तालुक्यातल्या मदतनिसांना मी खास जीप करून मावशींचा स्वयंपाक बघायला आणलं. “बघा, एक थेंब वाया जात नाही,” मी सांगत होते. मावशी चुलीशी खाली मान घालून उभ्या होत्या. कोणी तरी विचारलं, “मावशी, कोणी शिकवलं?” त्यांनी हाताने माझ्याकडे दाखवलं. याच्यात काय हाय, हे विचारायचंही त्यांनी बंद केलं होतं. आता त्यांना सगळं येतं, असा मी त्याचा अर्थ लावला. माझ्यासारख्या हुशार बाईला दुसरा अर्थ सुचायचं कारणच नव्हतं.

पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा भरली. आमच्या प्रकल्पाने तिथे एक छोटा मांडव घातला होता. मी तक्ता टांगून बसले होते आणि समोरून बैल, घोंगड्या, मिठाईचे डोंगर आणि माणसं वाहत होती. तक्त्याकडे कोणी बघत नव्हतं. मावशींचं माहेर म्हशाजवळ. त्या भावजयीला घेऊन आल्या. भावजय त्यांच्याच वयाची, आडव्या बांध्याची, मोकळ्या बोलण्याची बाई. मी खूश होऊन शेजारच्या गाडीवरून गरम बटाटाभजी आणली आणि कागद दोघींच्या पुढे धरला. मावशींनी त्यातली एक तळलेली मिरची उचलली.

“मावशी, भजी घ्या ना.”

“नको गो. तू खा,” म्हणाल्या आणि घोंगड्या बघून येते म्हणून उठून गेल्या.

भावजयीने त्या लांब जाईपर्यंत वाट पाहिली.

“ती बटाटा नाय खात आता,” ती म्हणाली. “पोरांना रांधून घालते, आपन तोंडात नाय घेत. तुमीच कायतरी बोललात ना तिला?”

“मी? मी काय बोलले?”

मग तिने सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं. मावशींना पहिली मुलगी होती. ट्रक कलंडला त्या पावसात ती चौथ्या वर्षात होती. महिनाभर घरात खायला तेच होतं, ओढ्यातले बटाटे. पावसाच्या शेवटाला तिला ताप भरला. ओढ्याला पूर होता, डॉक्टर पलीकडे कसाऱ्याला. तीन दिवसांत गेली.

“तवा रडली, मंग उभी राह्यली,” भावजय म्हणाली. “दोन पोरगं झालं, सुना आल्या. इतकी वरसं तिनं कोनाला दोष नाय दिला. आपल्याला बी नाय. आता रोज येकच बोलते. मी सत्व ओढ्याला दिलं आन पोरीला चोथा चारला. माझ्या हातानं.”

माझ्या हातातली भजी गार झाली होती. चोथा हा शब्द माझा होता. ‘सगळं’ हाही माझाच. ‘थोडंसं’ म्हटलं असतं तर गंमत कमी झाली असती, म्हणून मी ‘सगळं’ म्हटलं होतं. मला माझी इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. समोर घोंगड्यांच्या ढिगापाशी मावशी उभ्या होत्या. एका काळ्या घोंगडीवरून नुसता हात फिरवत होत्या. मला उठून तिथे जायचं होतं. पण मी बसून राहिले.

शहापूरला माझ्या भाड्याच्या खोलीत कॉलेजची पुस्तकं एका खोक्यात होती. त्यातलं बटाट्याचं पान काढलं. माझ्याच अक्षरात शेजारी टिपणं होती, पेन्सिलने, परीक्षेसाठी केलेली. चिरून पाण्यात ठेवलं तर क जीवनसत्त्व बरंच जातं, काही क्षार जातात. पिठूळ भाग थंड पाण्यात विरघळत नाही. कापाच्या कडेला सुटलेलं थोडं पीठ धुऊन जातं, भांड्याच्या तळाशी पांढरं बसतं तेवढंच. बाकीचं कापातच राहतं. ज्याने पोट भरतं, अंगात ऊब येते, चालायचं बळ येतं ते रात्रभर ओढ्यात ठेवूनही जागच्या जागी असतं. हे मी एकदा उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. ज्याला मी आयुष्यभर ‘नुसता पिठूळ’ म्हणून हिणवलं, त्याचं पिठूळपण वाचून मला रडू आलं.

पण नुसतं जाऊन सांगून काय होणार? माझ्या एका शब्दावर मावशींनी विश्वास ठेवला, त्याचं हे झालं. आता त्याच तोंडातून आलेला दुसरा शब्द त्यांनी का खरा मानावा? मी शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे गेले आणि आयोडीनची छोटी बाटली मागून आणली. दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बटाटे चिरून, भिजवून, थेंब टाकून पाहिले. मग दोन किलो बटाटे घेऊन उंबरमाळीला उतरले.

“मावशी, त्या वर्षी केलंत तसंच करायचं,” मी म्हटलं. “चकत्या, राख, ओढा. सगळं तसंच.”

कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विळी घेऊन बसल्या. चकत्या करताना त्यांचा हात मध्येच थांबत होता. राख चोळली, टोपली ओढ्यात दगडाखाली ठेवली. मी संध्याकाळच्या गाडीने परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले.

धुकं होतं. ओढा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मावशींनी वाकून टोपली वर काढली. चकत्या गारठून कडक झाल्या होत्या, अगदी पांढऱ्या. मी दगडावर तीन गोष्टी मांडल्या. एक पळसाच्या पानाचा देठ, एक ताजी कापलेली चकती आणि एक टोपलीतली.

“हे औषध पिठाला ओळखतं,” मी म्हटलं. “पीठ असलं तर काळं होतं. नसलं तर जसं आहे तसंच राहतं.”

देठावर थेंब टाकला. तपकिरीच राहिला. ताज्या चकतीवर टाकला. बघता बघता निळसर काळा डाग पसरला. मग टोपलीतल्या चकतीवर टाकला. घरी दहा वेळा करून पाहिलं होतं, तरी मी चकतीवर वाकले. थेंब क्षणभर तपकिरी दिसला आणि मग तसाच काळा झाला. दोन डाग शेजारी शेजारी, कोणता कुठला ते सांगता येऊ नये असे.

मावशींनी माझ्या हातातून बाटली घेतली.

“मी टाकते.”

त्यांनी टोपलीच्या कडेची एक चकती निवडली, जिथे पाण्याची धार सरळ लागत होती. काळी झाली. मधली एक घेतली. काळी झाली. एक फारच पातळ होती, उजेड आरपार दिसेल अशी. ती दोन बोटांत धरून त्या खूप वेळ बघत राहिल्या, मग दगडावर ठेवून थेंब टाकला. काळी झाली. मग त्या एकेक चकती काढत गेल्या, थेंब टाकत गेल्या, काळी झाली की बाजूला ठेवून पुढची घेत गेल्या. डोंगर हळूहळू दिसायला लागला होता. बाटली संपत आली तेव्हा त्या थांबल्या.

“मंग जातं ते काय?”

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवून आले होते. “हिरव्या पाल्यात, आंबट फळात असतं ते थोडं जातं. पावसात तुम्ही पालेभाजी खायचात ना?”

“रोज. टाकला, कुर्डू. तिला कुर्डूची भाजी आवडायची.”

मुलीबद्दल माझ्यापाशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मला ठाऊक आहे हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

“मग ते तिला त्यातून मिळालं,” मी म्हटलं.

“आन हे?” त्यांनी काळ्या चकत्यांवरून बोट फिरवलं.

“हे यातून मिळालं. सगळं नाही जात, मावशी. मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुम्हाला हसवायला बोलले.”

मावशी समोर बघत राहिल्या. ओढ्याचा आवाज येत होता. मला वाटलं, वाक्य आता दुपारी येईल, किंवा येणारच नाही.

“म्हंजे ती भुकेली नाय गेली.”

“नाही, मावशी. तिला तापाने नेलं. भुकेली नाही गेली.”

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, रागावून नाही, पण स्पष्टपणे म्हणाल्या, “परत कोनाला तसं बोलू नको.”

आज मी तिकडे काम करत नाही, पण अजून लोकांना आहाराविषयीच सांगते. बोलता बोलता ‘सगळं’ हा शब्द जिभेवर येतो आणि मी थांबते. समोरच्याला वाटतं, बाई विसरल्या.

त्या दिवशी अंगणवाडीच्या सेविका शहापूरला बैठकीला गेल्या होत्या, म्हणून मी मावशींच्या मदतीला थांबले. आम्ही दोघींनी मुलं गोळा केली, खिचडी केली, त्यांना जेवू घातलं. मग मावशींनी टोपलीत उरलेल्या चकत्या धुतल्या, उकडल्या आणि मीठ आणि कुटलेली लाल मिरची घालून एका थाळीत काढल्या. थाळी आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली. पहिली चकती त्यांनी तोंडात घातली आणि डोळे मिटून खूप वेळ चावली. मग दुसरी घेतली. मग माझ्याकडे न बघता भरभर खाल्लं, पुष्कळ दिवसांची भूक असावी तसं. मी दोन-तीन चकत्या घेऊन हात आखडला. चव काही विशेष नव्हती, थोडी राखेची, थोडी पाण्याची.

थाळी रिकामी झाली. मुलं सतरंजीवर ओळीने झोपली होती. मावशी भिंतीला टेकल्या, “तुला सांगते…” म्हणाल्या आणि थांबल्या. मी वाट बघत बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांची मान कलली होती आणि श्वास संथ चालला होता.

मुलांना न्यायला आया यायला लागल्या. मी दारातच उभी राहून प्रत्येकीला तोंडावर बोट ठेवून खूण करत होते. एकेक जण पाय न वाजवता आत यायची, आपलं मूल उचलायची आणि जाताना वाकून मावशींकडे बघायची. मावशींना कधी दिवसा झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. शेवटचं मूल गेलं तेव्हा उन्हं दारातून आत आली होती. मावशींचा उष्टा हात मांडीवर तसाच उघडा पडला होता, बोटांना मीठ-मिरची लागलेली. मी ओल्या फडक्याने तो हात पुसला, एकेक बोट. त्या जाग्या झाल्या नाहीत.